स्किल लॅबची चावी कोणाकडे आहे?

प्रति,
मा. अधिष्ठाता,
मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ येथील नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये,
तसेच या महाविद्यालयांच्या इमारती, पदे आणि खरेदी ठरवणारे मंत्रालयातील सर्व अधिकारी यांस

सविनय नमस्कार.

९ ऑक्टोबर २०२४ ला तुमच्या दहा महाविद्यालयांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं आणि राज्यात डॉक्टरकीच्या ९०० जागा वाढल्या. बातमी ऐकताना मी दहाही नावं डायरीत उतरवून घेतली. गडचिरोली, वाशिम, हिंगोली. आमच्या वेळी या भागातली मुलं ट्रंक घेऊन शिकायला दूरच्या शहरात यायची. पेशंटही तिथून रेफर होऊनच यायचे, आणि पुष्कळदा फार उशिरा यायचे. तिथे आज मेडिकल कॉलेज उभं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. त्या आनंदातूनच हे पत्र लिहिते आहे, आणि थोड्या धास्तीतूनही.

मी बालरोग विभागाची निवृत्त प्राध्यापिका. शासकीय महाविद्यालयांत ३३ वर्षं शिकवलं, बदल्यांमुळे चार गावांची पाणी प्यायले. तुमच्या पहिल्या तुकडीची मुलं आता ॲप्रन घालून वॉर्डात येऊ लागली आहेत. ती कोणाच्या अंगावर पहिली सुई टोचणार, आणि त्याआधी ती कुठे शिकून आलेली असणार, एवढंच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

१९८७ सालची गोष्ट. मी पहिल्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिकणारी निवासी डॉक्टर, रात्रीची इमर्जन्सी ड्युटी. चार महिन्यांचं बाळ आलं. दोन दिवस ताप, संध्याकाळपासून झटके. टाळूवर हात ठेवला तर फुगलेली, ताणलेली. मेंदूज्वराचा संशय होता, पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं भाग होतं. माझे वरिष्ठ डॉक्टर, म्हणजे रजिस्ट्रार, कॅज्युल्टीत दुसऱ्या मुलाला अंबू बॅगनं श्वास देत उभे होते. त्यांनी निरोप पाठवला, ‘तू करून घे.’ हे पाणी काढणं, म्हणजे लंबर पंक्चर, मी तीनदा पाहिलं होतं. केलं एकदाही नव्हतं.

पहिल्यांदा सुई हाडाला लागली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी सुईतून लालभडक रक्त आलं. माझ्या हातांना इतका घाम आला होता की ग्लोव्ह आतून चिकट झाले होते. तेव्हा बाळाला धरून उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, जरा थांबा. मी परत धरते.” त्यांनी बाळाची मान आणि गुडघे पोटाशी जवळ आणले, पाठ धनुष्यासारखी वाकवली, आणि स्वतःच्या बोटानं मला जागा दाखवली. कमरेच्या दोन्ही हाडांचे उंचवटे जोडणारी रेघ मनात ओढायची, आणि त्या रेघेवरच्या किंवा तिच्या लगेच खालच्या फटीत जायचं. चौथ्या वेळी पाणी आलं. गढूळ होतं. औषधं सुरू झाली, आणि बाळ वाचलं.

दुसऱ्या दिवशी राऊंडनंतर त्याच्या आईनं मला थांबवलं. “म्याडम, किती येळा सुई घातली?” मी खरं ते सांगितलं. चार. “तुमी शिकाऊ हाय का?” मी हो म्हटलं. तिनं पदर बाळाच्या पाठीवरून ओढून घेतला, आणि पुढे काही बोलली नाही.

त्या बाईनं तक्रार केली नाही. करणार तरी कुठे? सरकारी दवाखान्यात आलेला माणूस शिकाऊ हातांना नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणायची सोय आपल्याकडे आहे हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आपल्या राज्यातल्या डॉक्टरांच्या पिढ्यान् पिढ्या अशा गरीब माणसांच्या अंगावर शिकल्या. माझी पिढी तर पूर्णपणे. आमच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता. आज तो आहे, आणि असूनही वापरला गेला नाही तर त्याला माफी नाही, असं मला वाटतं.

२०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतांवर आधारलेला झाला. पेशंटआधी पुतळ्यांवर हात बसवायची खोली, म्हणजे स्किल लॅब, सक्तीची झाली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२० मध्ये घातलेल्या निकषांत १५० जागांपर्यंतच्या महाविद्यालयाला किमान ६०० चौरस मीटरची स्किल लॅब सांगितली आहे. इंजेक्शनं, लघवीची नळी, टाके, प्रसूती, नवजात बाळाचा आणि मोठ्या माणसाचा श्वास परत आणणं, या सगळ्यासाठी मॅनिकिन, म्हणजे सरावाचे पुतळे, हवेत असंही लिहिलेलं आहे. कागद उत्तम आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ते चार महिन्यांचं बाळ आठवलं.

पुढे मी ज्या एका महाविद्यालयात रुजू झाले तिथे स्किल लॅब होती. मोठा हॉल, एसी, भिंतीवर तक्ते. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. मॅनिकिनवरचं पारदर्शक प्लास्टिक तसंच होतं. बाळाच्या मॅनिकिनच्या छातीतली फुफ्फुसाची पिशवी न वापरता चिकटून गेली होती. टाके घालायच्या कृत्रिम कातडीचं पाकीट न फोडलेलं. चावी स्टोअरच्या लिपिकाकडे असायची, आणि ते पाच वाजता घरी जायचे. त्यांची चूक नव्हती. सामान हरवलं तर वसुली त्यांच्या पगारातून होणार होती. त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं लॅब बंद राहणं हीच लॅब सांभाळणं होतं. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी ती झाडून पुसून उघडली जायची. एका इंटर्नला मी विचारलं, कधी गेला होतास का? तो म्हणाला, “मॅडम, बाहेरून बघितली आहे.”

तोच मुलगा त्या आठवड्यात लेबर रूमला होता. म्हणजे रडलं नाही असं बाळ त्याच्या हातात कधीही आलं असतं.

माझ्या विषयातलं सांगते, म्हणजे मुद्दा नीट कळेल. जन्मल्यावर जे बाळ रडत नाही, श्वास घेत नाही, त्याच्यासाठी पहिलं मिनिट सोन्याचं. त्या मिनिटात त्याला पुसायचं, मान किंचित मागे घेऊन श्वासमार्ग मोकळा करायचा, आणि तरीही श्वास नसेल तर बॅग आणि मास्कनं श्वास द्यायचा. दाबा, दोन, तीन. दाबा, दोन, तीन. मिनिटाला चाळीस ते साठ. पुस्तकात हे चार ओळींत संपतं. हातात बॅग घेतल्यावर कळतं की मास्कची कड गालाला नीट टेकली नाही तर सगळी हवा बाजूनं निघून जाते आणि छाती हलतच नाही. अंगठा आणि तर्जनीनं मास्क दाबायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा. नवखा माणूस घाबरून जबडा खाली दाबतो, आणि मार्ग आणखी बंद होतो. मॅनिकिनवर ही चूक वीस वेळा केली तर एकविसाव्या वेळी ती छाती टप्पकन वर येते. त्या क्षणी शिकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मी तो शेकडो मुलामुलींचा पाहिला आहे. एकदा हाताला कळलं की कळलं. पण सहा महिने सराव नसला की हात विसरतो, म्हणून पुन्हा यावं लागतं. एकदा दाखवून लॉगबुकवर सही घेतली की झालं, असं हे काम नाही.

हे डॉक्टरच शिकू शकतात असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं गावातल्या थोडंसंच शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जन्मलेल्या बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गुदमरलेल्या बाळाला बॅग-मास्कनं श्वास देणंसुद्धा त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम झालं, शेजारची ४७ गावं तुलनेसाठी होती. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले तेव्हा त्या ३९ गावांतले नवजात बालमृत्यू तुलनेनं ६२ टक्क्यांनी घटल्याचं जगानं वाचलं. कुठून आलं हे? त्यांना चकचकीत लॅब नव्हती. पुन्हा पुन्हा सराव होता, चुकलं तर लगेच सांगणारं माणूस शेजारी होतं, आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद होती. गडचिरोलीच्या अधिष्ठात्यांना हे मी वेगळं सांगायला नको. त्यांच्या जिल्ह्यातच हे घडलं आहे.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. स्किल लॅबला माणूस द्या. पूर्ण वेळ, स्वतंत्र पद, दुसरं कुठलंही काम नाही. डॉक्टरच हवा असंही नाही. वॉर्डात वीस वर्षं काढलेली, हाताला गुण असलेली इन्चार्ज सिस्टर या कामासाठी उत्तम. मला लंबर पंक्चर एका सिस्टरनं शिकवलं, हे मी वर लिहिलंच. तिला ट्यूटरचं पद आणि त्या पदाचा पगार द्या. लॅब रात्री दहापर्यंत उघडी ठेवा, कारण इंटर्न आणि रेसिडेंट दिवसा मोकळे नसतात. सुया, कॅथेटर, टाक्यांचा धागा, मॅनिकिनची बदलायची कातडी हे सगळं दरवर्षी संपणारं सामान आहे, त्याचा दरवर्षीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा धरा. मॅनिकिन एकदाच विकत घेऊन भागत नाही. आणि लॅबमधली वस्तू वापरून फाटली, तुटली, तर ती निर्लेखित करणं, म्हणजे सामानाच्या यादीतून काढणं, सोपं करा. ज्या लॅबमध्ये वर्षभरात एकही वस्तू फाटली नाही, तिथे काही शिकवलंच गेलं नाही असं समजा.

आणि एक नियम. मॅनिकिनवर ठरलेल्या वेळा नीट करून दाखवल्याशिवाय कोणीही, अगदी अधिष्ठात्यांचा मुलगा असला तरी, पेशंटला हात लावणार नाही. नव्या अभ्यासक्रमाचा क्रमच मुळी तो आहे. आधी माहीत असणं, मग कसं करायचं ते कळणं, मग करून दाखवणं, मग स्वतः करणं. आपल्या वॉर्डात पहिल्या पायरीवरून मुलं थेट चौथीवर उडी मारतात.

या लॅबमध्ये नर्सिंगच्या मुली, वॉर्डातले मामा आणि मावशी यांनाही घ्या. भंडाऱ्याचं नाव यादीत वाचलं तेव्हा मला ९ जानेवारी २०२१ ची पहाट आठवली. तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. त्यानंतर पुष्कळ दिवस मी आमच्या युनिटमध्ये शिरताना आधी दारं मोजायचे. वॉर्मरला, सलाईनला, ऑक्सिजनला जोडलेलं दीड किलोचं बाळ धुरात उचलायचं कसं, एका माणसानं किती बाळं न्यायची, आधी कोणतं, दार कोणी उघडायचं, ऑक्सिजन कोणी बंद करायचा, याची तालीम करावी लागते. बाळाचे मॅनिकिन, विजेची बंद बटणं आणि घड्याळ, एवढ्यावर ती करता येते. भंडाऱ्याच्या महाविद्यालयानं ही तालीम दर तीन महिन्यांनी करावी, आणि बाकीच्या नऊ जणांनी ती त्यांच्याकडे जाऊन पाहावी, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

वॉर्डाबद्दल थोडंसं. लॅब कितीही चांगली असली तरी वैद्यक खाटेशेजारीच शिकायचं असतं. बहुतेक नव्या ठिकाणी आरोग्य खात्याचं जिल्हा रुग्णालय हेच शिकवण्याचं रुग्णालय झालं आहे. ते पेशंट तपासायला बांधलेलं होतं, शिकवायला नव्हे. दोन खाटांमध्ये तीन फूट जागा. तिथे बावीस मुलं एका पेशंटभोवती उभी राहतात, पुढच्या पाचांना दिसतं, मागची मोबाईल बघतात. मधे ती बाई किंवा तो म्हातारा अर्धा उघडा पडलेला असतो. प्रत्येक वॉर्डाला लागून एक लहान खोली काढा. दहा-बारा खुर्च्या, फळा, बेसिन आणि एक तपासणीची खाट, पडद्यासह. पेशंटला विचारून, सांगून तिथे आणता येईल, आणि चर्चा त्याच्या डोक्यावरून होणार नाही. नव्या इमारतीचा नकाशा काढणाऱ्यांना मी हे सांगितलं तर ते म्हणतात, निकषात सेमिनार रूम आहे ना. आहे, पण ती दुसऱ्या मजल्यावर आहे. धाप लागलेल्या मुलाला कोण दुसऱ्या मजल्यावर नेणार?

आता संशोधनाकडे येते. हा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी होतात. एक तर कोट्यवधींच्या यंत्राची मागणी होते, नाहीतर ‘आमच्याकडे पेशंट इतके, संशोधनाला वेळ कुठे’ म्हणून विषय संपतो. मला दोन्ही पटत नाहीत, आणि त्याचं कारण महाडला आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः लहान मुलं, यायची आणि काही तासांत दगावायची. वेदनेनं मेली, विषानं मेली, असं म्हणून लोक प्रेत घेऊन जायचे. बावस्कर खाटेशेजारी बसून राहिले. घाम केव्हा फुटला, उलटी कधी झाली, हातपाय गार कधी पडले, नाडी, रक्तदाब, छातीतला आवाज, प्रत्येक तासाला लिहीत गेले. त्यातून दिसलं की माणूस मरतो तो हृदय थकून, फुफ्फुसांत पाणी भरून. १९८२ मध्ये ही लक्षणं त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे पुण्याच्या बी. जे. महाविद्यालयातून एमडी होऊन ते परत महाडलाच आले आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, तोंडानं घ्यायची गोळी विंचूदंशाला वापरू लागले. पूर्वी शंभरातली पंचवीस-तीस माणसं जायची, आता एखाददुसरं जातं. २०११ मध्ये प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर काय होतं, याची रीतसर तुलना त्यांनी महाडलाच केली आणि ती ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली.

मी रेसिडेंट असताना विंचू चावलेलं पहिलं मूल माझ्याकडे आलं तेव्हा वॉर्डातल्या भिंतीवर प्राझोसिनचा डोस पेन्सिलनं लिहिलेला होता. कोणी लिहिला ते माहीत नाही. तो डोस कुठून आला हे कळायला मला आणखी काही वर्षं लागली. परदेशातून आलेलं ज्ञान मी आयुष्यभर शिकवलं, पण महाडहून आलेलं हे ज्ञान शिकवताना माझा आवाज थोडा चढायचा, हे कबूल करते.

या कामाला लागलं काय? एक डोळस माणूस आणि जपून ठेवलेले कागद. पहिली गोष्ट सरकार देऊ शकत नाही. दुसरी देऊ शकतं, आणि नेमकी तीच आपण देत नाही.

एका महाविद्यालयात असताना मला घटसर्पाच्या जुन्या केसेस बघायच्या होत्या. लस आल्यावरही मुलं का येत होती, कुठल्या गावांतून येत होती, हे शोधायचं होतं. रेकॉर्ड रूममध्ये गेले. गोणपाटाच्या पोत्यांत केसपेपर कोंबलेले, वर वर्ष खडूनं लिहिलेलं. पावसाळ्यात छत गळलं होतं. मी एक गठ्ठा उचलला तर तो मधोमध हातात फुटला, आतून वाळवी. एका पानावर फक्त ‘वय ५, मु.पो.’ एवढं वाचता आलं. पुढे गावाचं नाव होतं, ते खाल्लेलं. ज्या रेसिडेंटनं तो कागद रात्री दोन वाजता लिहिला असेल त्याचं अक्षर सुंदर होतं. त्या खोलीत मी बराच वेळ उभी होते. एका अख्ख्या जिल्ह्याच्या मुलांचं दहा-पंधरा वर्षांचं दुखणं तिथे माती होऊन पडलं होतं.

तुमच्याकडे ही खोली अजून नवी आहे. पहिल्या दिवसापासून ती कोरडी ठेवा. मेडिकल रेकॉर्डचं शिक्षण घेतलेला माणूस नेमा. संगणकावर नोंदी होत असतील तर फार चांगलं, पण निदान नीट लिहिलेलं असेल, गाव, तालुका, जन्मतारीख, घरी सोडताना प्रकृती कशी होती, हे रिकामं नसेल, याकडे कोणीतरी रोज बघावं. आपल्याकडचे निम्मे थिसिस का कच्चे राहतात याचं उत्तर ग्रंथालयापेक्षा या खोलीत जास्त सापडतं. मुलगा मग सोपा विषय घेतो, शंभर केसेस मोजतो, बांधणी करून विद्यापीठाला पाठवतो, आणि पुन्हा कोणी तो उघडत नाही.

बुलढाण्याच्या अधिष्ठात्यांसाठी हा मुद्दा ताजा आहे. महाविद्यालयाचं उद्घाटन होऊन तीन महिने होत नाहीत तोच शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल. गावं घाबरली, सोयरिकी अडल्या. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पथकं आली. बावस्कर महाडहून तिथे गेले, स्वखर्चानं. रक्त, लघवी, केस, घरातला गहू यांचे नमुने घेऊन ते तपासून आणले आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. सत्तरी ओलांडलेला डॉक्टर कोकणातून विदर्भात जाऊन नमुने गोळा करतो. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि आपल्या व्यवस्थेची काळजीही. पुढच्या वेळी असं काही घडलं, आणि घडेलच, तर पहिला नमुना पहिल्याच दिवशी जिल्ह्यातल्या महाविद्यालयानं घ्यायला हवा. त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. जनरेटरला जोडलेले दोन डीप फ्रीझर, नमुन्यावर चिठ्ठी कशी लावायची हे माहीत असलेला तंत्रज्ञ, कम्युनिटी मेडिसिनला एक चालती गाडी आणि डिझेल. तपासणी बाहेर करून आणता येते. न घेतलेला नमुना मात्र नंतर कुठूनच आणता येत नाही.

प्रत्येक जिल्ह्याचा स्वतःचा प्रश्न आहे. गडचिरोलीला मलेरिया आणि सिकलसेल. अमरावतीला मेळघाटातलं कुपोषण. जालना, हिंगोली, वाशिमला साखर कारखान्यांवर तोडीला जाणारी कुटुंबं, त्यांच्या मुलांचं चुकलेलं लसीकरण आणि बायकांचं आरोग्य. या प्रश्नांची उत्तरं परळहून किंवा दिल्लीहून मिळणार नाहीत. ती तुमच्याच ओपीडीच्या रांगेत उभी आहेत.

मुंबईत प्लेग आला तेव्हा, १८९६ मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करायला मोठी प्रयोगशाळा मिळालेली नव्हती. एक खोली, तिच्यापुढचा व्हरांडा आणि मोजकी माणसं होती. तिथे केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ ला त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. आज परळला त्यांच्या नावाची संस्था उभी आहे. तिची सुरुवात एका कॉलेजच्या एका खोलीतून झाली. तुम्हीही प्रत्येकानं एक खोली काढा. आत बसायला पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ द्या, कारण आज तो तीन कॉलेजांत मिळून एक असतो. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची बैठक ठरल्या तारखेला होऊ द्या. विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती आहे. तिच्या अर्जाच्या वेळी मुलं मार्गदर्शक शोधत फिरतात आणि कोणी हो म्हणत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं.

शिक्षक हो का म्हणत नाहीत, याचंही कारण लिहिते. ज्या शिक्षकाला माहीत आहे की पुढच्या महिन्यात त्याला दुसऱ्या कॉलेजच्या इन्स्पेक्शनसाठी हलवतील, तो दोन वर्षांचा अभ्यास हातात घेत नाही. मलाही असं पाठवलं गेलं होतं. पाच मुलांच्या आया मी ठरवून दिलेल्या तारखेला ओपीडीत येऊन परत गेल्या, त्यातल्या दोन पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि त्या अभ्यासाचं माझं काम तिथेच थांबलं. नव्या महाविद्यालयांत नेमलेल्या शिक्षकांना निदान पाच वर्षं तिथून हलवू नका. आठवड्यातला एक अर्धा दिवस त्यांच्या कामाच्या तक्त्यात संशोधनाचा म्हणून लिहून द्या. तसंच पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिन्यांच्या जिल्हा रेसिडेन्सीवर जिल्हा रुग्णालयांत येत असतात. ते आले की ओपीडी उरकायला हात मिळाले एवढ्यावर थांबू नका, जिल्ह्याचा एक प्रश्न त्यांच्या हातात द्या. तीन महिने थोडे आहेत, पण नोंदवही सुरू करून पुढच्याच्या हाती सोपवण्याइतके पुरेसे आहेत.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मॅडम, आधी छत तर होऊ द्या. बरोबर आहे. पण वर मागितलेल्या गोष्टींपैकी बहुतेक बांधकामाच्या नाहीत. एक सिस्टर-ट्यूटर, एक रेकॉर्ड ठेवणारा, एक संख्याशास्त्रज्ञ, दोन फ्रीझर, वॉर्डाशेजारची लहान खोली आणि रात्री दहापर्यंत उघडं दार. याचा खर्च एका सीटी स्कॅनच्या यंत्रापेक्षा कमी होतो. पदनिर्मितीची फाईल मात्र सीटी स्कॅनच्या फाईलपेक्षा हळू चालते, म्हणून ती आजच काढावी असं मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे.

माझ्या घरापासून तुमच्यापैकी दोन महाविद्यालयं एसटीनं तीन तासांच्या आत आहेत. माझं वय झालं आहे, पण हात अजून कापत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस, मानधनाशिवाय, मी स्किल लॅबमध्ये बाळांच्या मॅनिकिनवर इंटर्न आणि नर्सिंगच्या मुलींचा सराव घ्यायला तयार आहे. माझ्या तुकडीतल्या आणखी तिघी निवृत्त झाल्या आहेत, त्यांनीही हो म्हटलं आहे. आमच्यासाठी गाडी, निवास, शाल-श्रीफळ काही नको. आम्ही पोचू तेव्हा चावी कोणाकडे असेल, तेवढं कळवा.

आपली नम्र,
एक निवृत्त बालरोग प्राध्यापिका